लेबलाचा साचा कुणाला वाचता येतो?



बसल्या जागेवरून घरात एकदा नजर फिरवा. खताची गोण, बियाण्याची पिशवी, फवारणीच्या औषधाची बाटली, पेंडीचे पोते, चहाची पुडी, लेकराच्या खोकल्याचे औषध. प्रत्येकावर लेबल आहे. आपण त्यातले हवे तेवढे वाचतो आणि विसरून जातो. (फवारणीच्या बाटलीवरची लाल खूण मात्र कुणी विसरू नये. पण तो विषय वेगळा.)

आज मला सांगायचे आहे ते लेबल वाचण्याविषयी नाही, लेबल तयार करण्याविषयी आहे. आणि तेही ज्याला डोळ्यांनी अजिबात दिसत नाही त्याने तयार करण्याविषयी. तुम्ही म्हणाल, हे काय भलतेच! पण थोडे थांबा. ज्या घरात बचत गट आहे आणि ज्या घरात दृष्टी गेलेले माणूस आहे, त्या दोन्ही घरांच्या उपयोगाची ही गोष्ट आहे.

आमचे गाव सफाळे स्टेशनच्या पश्चिमेला, एडवण-दातिवऱ्याच्या वाटेवर. आमच्या सासूबाईंच्या काळात बायका पहाटेच्या गाडीने भाजीची पाटी घेऊन विरारला, दादरला जात. पाटीतल्या वांग्याला लेबल लागत नसे. गिऱ्हाईक वांगे हातात घेऊन बघे, बाईचा चेहरा ओळखीचा असे, संपले. आताही पाट्या जातातच, पण सोबत पाकिटेही जाऊ लागली. आमचा गट नाचणीचे पापड, चकलीची भाजणी, कुळथाचे पीठ आणि लोणचे करतो. पाकीट म्हटले की लेबल आले. त्यावर पदार्थाचे नाव हवे, घटक हवेत, निव्वळ वजन हवे, करणाऱ्याचे नाव-पत्ता, बॅच नंबर, पॅकिंगची तारीख, किती दिवसांत वापरावे ते, सर्व करांसह किंमत, अन्न परवान्याचा चौदा आकडी नंबर आणि शाकाहारी मालाची चौकोनातली हिरवी टिकली. इवल्याशा कागदावर एवढा संसार! आणि त्यातले निम्मे दर खेपेला बदलते.

हे काम आमच्या धाकट्या दिरांची मुलगी करते. म्हणजे माझी पुतणी. दहावीपर्यंत तिला बऱ्यापैकी दिसत होते. मग रात्रीचे दिसेनासे झाले, मग बाजूचे, आणि विसाव्या वर्षी समोरचेही गेले. डोळ्यांच्या पडद्याचा आजार, त्यावर डॉक्टरांकडे उपाय नव्हता. घरात वर्षभर सुतक असल्यासारखे होते. नंतर ती मुंबईला जाऊन कॉम्प्युटर शिकली आणि परत आली. आणि आल्यावर, खरे सांगते, घरात कुणाला कळेना की आता हिने करायचे काय. येणारा-जाणारा तिच्या आईला विचारी, “बसूनच असते का ग?”

ती बसून नसे. कॉम्प्युटर चालवी. तो कसा, ते सांगते, कारण मलाही आधी ठाऊक नव्हते. पडद्यावर जे लिहिले असेल ते मोठ्याने वाचून दाखवणारा एक प्रोग्रॅम असतो. त्याला स्क्रीन रीडर म्हणतात. उंदीर, म्हणजे माऊस, ती वापरत नाही. सगळे काम बटणांवर. बाण दाबला की पुढची ओळ ऐकू येते, टॅब दाबला की पुढची जागा. तिच्याकडे आहे त्याचे नाव एनव्हीडीए. तो २००६ साली ऑस्ट्रेलियात मायकेल करन या अंध तरुणाने लिहायला घेतला आणि जेम्स टेह हा दुसरा अंध तरुण त्याला येऊन मिळाला. दोघांची ओळख लहानपणी गाण्याच्या शिबिरात झालेली. अशा प्रोग्रॅमना तेव्हा भारी किंमत पडे, म्हणून यांनी आपला फुकट दिला. आजही तो फुकट मिळतो आणि मराठीही बोलतो. आवाज यंत्राचा आहे, गोडवा नाही. पुतणी तो इतक्या वेगाने लावते की मला नुसते तांदळात खडे पडल्यासारखे वाटते. तिला मात्र शब्दन् शब्द कळतो.

तिने मला एकदा टी. व्ही. रामन यांची हकिगत सांगितली. हे गृहस्थ पुण्यात वाढले. चौदाव्या वर्षी काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या वाडिया कॉलेजात गणित शिकले, मग मुंबईच्या आयआयटीत, आणि १९९४ साली अमेरिकेच्या कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. विषय काय, तर छापलेले गणित कानाला समजेल असे यंत्राकडून कसे बोलवून घ्यावे. त्या प्रोग्रॅमला त्यांनी आपल्या वाट दाखवणाऱ्या कुत्रीचे नाव दिले होते, ॲस्टर. त्यांच्या कामातली मेख मला पुतणीने समजावली ती अशी : कागदावर अक्षरे कशी दिसतात एवढे यंत्राला देऊन भागत नाही. हे मथळ्याचे, हे वरचे, हे खालचे, हे याच्या आतले, अशी बांधणी त्याला कळली पाहिजे. बांधणी कळली तर ते नीट बोलते. नुसते चित्र दिले तर ते गप्प बसते.

ही मेख पुढे आमच्या भाजणीच्या पाकिटावर येऊन बसली.

आमचे लेबल एका दुकानात करून घेतले होते. फार सुबक होते. वर गटाचे नाव वळणदार अक्षरांत, बाजूला सुपाचे चित्र, किंमत एका गोलात. दुकानदाराने ती फाइल आम्हांला दिली आणि सांगितले, “यात तारखा बदला आणि छापा.” दर खेपेला दुकानात जाणे वाचले म्हणून आम्हीही खूश. पुतणी म्हणाली, मी बदलून देते. जुलैचा माल तिने छापला, ठीक झाला. दिवाळीच्या आधी भाजणीची साठ पाकिटे गेली आणि चार दिवसांनी विरारच्या एका दुकानातून फोन आला. पाकिटावर पॅकिंग ऑक्टोबरचे आणि वापराची मुदत सप्टेंबरपर्यंत! साठही पाकिटे परत. दिवाळी हातची गेली.

गटाच्या बैठकीत काय झाले असेल ते तुम्ही ओळखलेच असेल. कुणी वाईट बोलले नाही. वाईट बोलले असते तर बरे, असे मला वाटले. सगळ्या जणी फार गोड बोलल्या. “जाऊ दे ग बाई, तिला बिचारीला दिसत नाही, आपणच बघायला हवं होतं.” पुतणी कोपऱ्यात बसून ऐकत होती. घरी आल्यावर मला म्हणाली,

“काकू, ती फाइल उघडते. तुम्ही नुसत्या ओळी मोजा. किती दिसतात?”

मी मोजल्या. “अकरा.”

“मला सात ऐकू येतात.”

मी पुन्हा मोजल्या. अकराच. मग तिने एकेक ओळ ऐकवली आणि मी बोट ठेवत गेले. गटाचे नाव आणि त्याखालची ओळ ऐकू आली नाही, कारण ती अक्षरे नव्हतीच, अक्षरांचे चित्र होते. किंमत ऐकू आली नाही आणि वापराची मुदतही नाही. ती दोन्ही पानावर तरंगत्या चौकटींत घातलेली होती. त्यांना टेक्स्ट बॉक्स म्हणतात. डोळ्यांना ती चौकट ओळींच्या मधोमध दिसते. यंत्राच्या हिशेबी मात्र ती मजकुराच्या प्रवाहात नसते, वर चिकटवलेली असते. बाणाने एकेक ओळ खाली जाणाऱ्याला ती भेटतच नाही. आणि जुलैचा माल ठीक झाला तो का, तर त्या वेळी मुदत बदलायचीच नव्हती, दुकानदाराने नुकतीच घातली होती.

“मला दिसत नाही म्हणून चुकलं नाही, काकू. मला सांगितलंच नव्हतं म्हणून चुकलं,” ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. पण त्या रात्री ती जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती फाइल घेऊन दुकानात गेलो. दुकानातला मुलगा भला होता. म्हणाला, “कॉम्प्युटरवर आहे म्हणजे तुम्हांला वाचता येतंच असं मला वाटलं.” पुतणीने त्याला कानाला लावायला दिले, पडदा बंद करायला सांगितला आणि म्हणाली, “आता यातली किंमत बदलून दाखव.” पाच मिनिटे तो धडपडला. मग हसला आणि म्हणाला, “नवीनच करूया.”

त्या दोघांनी मिळून जो साचा केला तो तुम्हांला भाताच्या खाचरांवरून सांगते. लेबलांचा तयार कागद मिळतो. ए-फोर आकाराचा, २१० मिलिमीटर रुंद, २९७ उंच. आमच्या कागदावर चोवीस लेबले आहेत, आडवी तीन आणि उभी आठ, प्रत्येक ६४ बाय ३४ मिलिमीटरचे. तर पानावर तरंगत्या चौकटी न टाकता वर्डमध्ये सरळ तक्ता आखायचा. एक लेबल म्हणजे तक्त्यातले एक खाचर. मग स्क्रीन रीडर नीट सांगतो, ओळ दुसरी, रकाना तिसरा, आणि मग आतला मजकूर. ज्या कागदावर लेबलांच्या मध्ये फट असते, त्याच्या तयार साच्यात फटीपुरता अरुंद रिकामा रकानाही असतो, खाचरांमधल्या बांधासारखा. पहिल्यांदा ऐकणारा तिथे गोंधळतो, कारण यंत्र म्हणते, “रकाना दुसरा, रिकामा.” एकदा कळले की तो बांध आहे, मग माणूस ओलांडून पुढे जातो.

आणि खरी सोय पुढेच आहे. तक्त्यात तारीख, किंमत लिहायचीच नाही. तिथे फक्त खुणेची नावे ठेवायची : पदार्थ, वजन, बॅच, पॅकिंग, मुदत, किंमत. खरी माहिती एक्सेलच्या वेगळ्या फाइलमध्ये, वरच्या ओळीत हीच नावे आणि खाली एकेका लेबलाची ओळ. छापताना यंत्र तिकडची माहिती इकडच्या खाचरांत आपोआप भरते. याला मेल मर्ज म्हणतात. निमंत्रणाच्या पाकिटांवर पत्ते छापायला लोक तो वापरतात. आता पुतणी साच्याला हातही लावत नाही. एक्सेलमध्ये एक ओळ लिहिते, चोवीस लेबले हवीत तर ती ओळ चोवीसदा खाली उतरवते, आणि ‘मुदत’ या रकान्यातून बाणाने खाली येत येत सगळ्या तारखा ऐकून घेते. मी चष्मा लावूनही इतके बारीक तपासले नसते.

सुपाचे चित्र तिने ठेवले. नको म्हणाली नाही. चित्र असावे, फक्त त्यात कामाचा मजकूर कोंडू नये आणि चित्रामागे दोन शब्द लिहून ठेवावेत, म्हणजे यंत्र “सुपाचे चित्र” एवढे तरी बोलते. तशी सोय वर्डमध्ये आहे. गटाचे नाव मात्र साध्या अक्षरांत आले. एकदोघी कुरकुरल्या, पूर्वीचे वळण छान होते म्हणाल्या. होते खरे.

एक अडचण निराळीच निघाली आणि ती मराठीची आहे, म्हणून जरा थांबून सांगते. पापडाचे जुने लेबल उघडले तर यंत्र इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता चिवडा बोलू लागले. पडद्यावर मला स्वच्छ ‘नाचणी पापड’ दिसत होते! झाले असे होते की ते जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये होते. त्या फॉन्टांत आत साठवलेले अक्षर इंग्रजीच असते, त्याच्यावर फक्त मराठी अक्षराचा मुखवटा चढवलेला. डोळा मुखवटा बघतो, कान आतले ऐकतो. युनिकोड नावाच्या पद्धतीत तसे नाही. तिथे जगातल्या लिप्यांतल्या अक्षरांना आपापला नंबर आहे आणि आपला ‘क’ हा आतूनही ‘क’च असतो. युनिकोडचा पहिला ग्रंथ १९९१ साली निघाला, पण छपाईच्या कामात पुष्कळ ठिकाणी जुने फॉन्ट अजून चालतात. म्हणून पापडाचे लेबल तिने पुन्हा टाइप केले. ती इन्स्क्रिप्ट कळपाट वापरते. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने उजव्या हाताला, त्यामुळे न बघता बोटांना घर सापडते.

कागदाचे काय, असे तुम्ही विचाराल. उलटा गेला तर? वाकडा गेला तर? लेबलाच्या कागदाची पाठ गुळगुळीत असते आणि पुढच्या बाजूला लेबलांच्या कापाच्या रेषा नखाला लागतात. वरची बाजू कळावी म्हणून ती गठ्ठ्याचा वरचा उजवा कोपरा कात्रीने किंचित उडवून ठेवते. छापताना ‘पानात बसवा’ अशी खूण प्रिंटरमध्ये असेल तर ती काढावी आणि माप शंभर टक्के ठेवावे, नाही तर मजकूर आक्रसतो आणि खालच्या ओळीपर्यंत येता येता लेबलाबाहेर जातो. हे डोळसांचेही होते. नव्या कंपनीचा कागद आणला की आधी साध्या कागदावर छापून तो लेबलाच्या कागदावर ठेवून उजेडाला धरावा लागतो. तेवढे मी करते. दोन मिनिटांचे काम, तेही कंपनी बदलली तरच. आणि हिरवी टिकली हिरवीच उमटली की शाई संपून करडी झाली, तेही बघते. या दोन गोष्टींना डोळा लागतो आणि ती ते मोकळेपणाने मागते. डोळा मागायचा कशाला आणि कशाला नाही, हे तिचे तिला पक्के ठाऊक आहे. गोड बोलणाऱ्यांना तेच कळत नाही.

आमच्या स्वयंपाकघरातही एक लेबल आहे. मीठ, साखर, सोडा यांच्या डब्यांवर तिने ब्रेलच्या चिकटपट्ट्या लावल्या आहेत. ब्रेल म्हणजे सहा टिंबांची उठावाची लिपी. ती लुई ब्रेल या फ्रेंच माणसाने केली आणि १८२९ साली छापून प्रसिद्ध केली. त्याचा बाप घोड्यांचे खोगीर-पट्टे शिवणारा. तीन वर्षांचा असताना बापाची आरी खेळता खेळता डोळ्यात गेली आणि पुढे पोर आंधळा झाला. पुढे टिंबे उठवायला त्याने जे हत्यार धरले तेही टोकदारच, आरीची बहीण म्हणा. आपल्या देशातल्या भाषांसाठी १९५१ साली भारती ब्रेल ठरले. मी तिला विचारले, पापडाच्या लेबलावर ब्रेल का नाही? तिने हिशेब मांडला. ब्रेलचे एक अक्षर सुमारे सहा मिलिमीटर जागा खाते, म्हणजे ६४ मिलिमीटरच्या लेबलात दहा अक्षरे. ‘नाचणी पापड’ काने-वेलांट्या आणि मधली जागा धरून बरोबर दहा होते. काठोकाठ! नाव बसते, बाकी काही बसत नाही. युरोपात औषधाच्या खोक्यावर औषधाचे नाव ब्रेलमध्ये असलेच पाहिजे, असा नियम २००४ साली झाला. आपल्याकडे मतदान यंत्रावर उमेदवारांचे आकडे ब्रेलमध्ये असतात. पुढच्या मतदानाला बोट फिरवून पाहा. पापडाला अजून वेळ आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात दृष्टीचे अपंगत्व असलेली माणसे पन्नास लाखांवर होती. त्यातली किती जण खेड्यांत, कुणाच्या तरी पडवीत “बसून” असतील, ते तुमच्या गावात तुम्हीच बघा. सगळ्यांनीच कॉम्प्युटर शिकावा असे माझे म्हणणे नाही. पण जे शिकून आले त्यांना पहिल्याच फाइलने परत पाठवू नये. दुकानात लेबल, पावती, पत्रक, काहीही करून घ्याल तेव्हा तीनच गोष्टी सांगा : मराठी युनिकोडमध्ये टाइप करा, बदलता मजकूर चित्रात किंवा तरंगत्या चौकटीत घालू नका, आणि लेबले तक्त्यात आखा. यासाठी जास्तीचा पैसा पडत नाही. आमच्याकडून त्या मुलाने एक रुपया जादा घेतला नाही.

पैशावरून आठवले. नवा साचा तयार झाल्यावर बैठकीत प्रश्न आला, पुतणीला काय द्यायचे? एक जण म्हणाली, “घरचीच मुलगी, तिला कसले पैसे! उलट तिचा वेळ जातो.” मी हिशेबाची वही उघडली. दुकानाला आम्ही कागदामागे चाळीस रुपये देत होतो. ते मी वाचून दाखवले. नंतर बराच वेळ कुणी बोलले नाही. मग आमच्या अध्यक्षबाई म्हणाल्या, “चाळीसच लिहा.” पुतणी म्हणाली, “पस्तीस. कागद गटाचा आहे.” तेव्हापासून वहीत ‘लेबल छपाई’ या सदरात तिचे नाव दर महिन्याला येते आणि सही ती स्वतः करते, पट्टी ठेवून, ओळ न सोडता.

यंदा पावसाच्या आधी केळव्याच्या बाजूच्या एका रोपवाटिकेने तीनशे चिकूच्या कलमांसाठी लेबले मागितली. कलमाची जात, बांधल्याची तारीख, ओळीचा नंबर. माणूस फाइल घेऊनच आला होता. तिने ती उघडली, वरून खाली ऐकली आणि त्याला विचारले, “दादा, यात तुम्हांला किती ओळी दिसतात?”